मानेतली गाठ साधी की लिम्फोमा? लॅब हे नेमकं कसं ओळखते

आज नवीन फोन नाही, ॲप नाही, प्रोसेसर नाही. आज एका वेगळ्याच टेक्नॉलॉजीबद्दल बोलूया. पण सुरुवात फोनपासूनच होते.

काही दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला एका मित्राने व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. वय २३. जबड्याखाली दोन महिने गाठ होती, ती काढून तपासायला दिली होती. रिपोर्टची पीडीएफ संध्याकाळी आली आणि डॉक्टरांची वेळ मिळाली होती दोन दिवसांनंतरची. मग त्याने तेच केलं जे तुम्ही-आम्ही सगळे करतो. एकेक शब्द सर्च केला. 'सीडी २० पॉझिटिव्ह' टाकलं, तर बी-सेल लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींचा एक कॅन्सर समोर आला. 'केआय-६७ जास्त' टाकलं, तर 'वेगाने वाढणारा ट्यूमर' आला. मग फोटो एका एआय चॅटबॉटला दिला, त्यानेही गंभीर सुरात सांगितलं की लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, झोप उडाली होती.

मी त्याला पूर्ण पीडीएफ पाठवायला सांगितली, कारण फोटोत खालचा भाग कापला गेला होता. शेवटची ओळ होती: रिॲक्टिव्ह फॉलिक्युलर हायपरप्लेजिया. म्हणजे कॅन्सर नाही. ग्रंथी तिचं रोजचं काम जरा जोरात करत होती, एवढंच.

गंमत म्हणजे त्याने शोधलेला प्रत्येक शब्द खरा होता आणि त्यातून निघालेला अर्थ साफ चुकीचा. असं का होतं, आणि साधी गाठ व लिम्फोमा यातला फरक लॅब कशी ओळखते, तेच आज समजून घेऊ.

आधी हे बघू की फुगतं काय

आपल्या शरीरात ६०० च्या आसपास लसिका ग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. मान, जबड्याखालचा भाग, काख आणि जांघ इथल्या ग्रंथी कातडीच्या जवळ असल्याने हाताला लागतात. छातीत आणि पोटातही भरपूर आहेत, त्या आपल्याला जाणवत नाहीत. आकार राजम्याच्या दाण्यासारखा. आजूबाजूच्या भागातून येणारा लसिका नावाचा द्रव या ग्रंथीतून गाळला जातो. त्यात जंतू किंवा जंतूंचे तुकडे सापडले, की आत बसलेल्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात.

हे आपल्या आजीला माहीत आहे. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला आजी 'अवधाण' म्हणते. पॅथॉलॉजिस्ट ज्याला 'रिॲक्टिव्ह' म्हणतो, ते हेच. दुखणं एका जागी आणि गाठ दुसऱ्या जागी.

ग्रंथीत बी पेशी नावाच्या पेशींचे गोल गोल पुंजके असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. इन्फेक्शन झालं की या पुंजक्यांच्या मधोमध एक कारखाना सुरू होतो. त्याचं नाव जर्मिनल सेंटर. जंतूला ओळखणाऱ्या बी पेशी इथे प्रचंड वेगाने दुप्पट-चौपट होतात. त्यातल्या ज्या नीट जमल्या त्या पुढे जातात, ज्या बिघडल्या त्या तिथेच मरतात आणि दुसऱ्या पेशी त्यांना खाऊन टाकतात. काम संपलं की कारखाना बंद आणि गाठ ओसरते.

बी-सेल लिम्फोमात मात्र एकाच बी पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. ती वाढायची थांबत नाही, किंवा मरायच्या वेळी मरत नाही. तिच्या कॉप्या होत राहतात आणि ग्रंथी भरून जाते.

म्हणजे दोन्हीकडे चित्र एकच: बी पेशींनी ठासून भरलेली, फुगलेली ग्रंथी. म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 'पेशी जास्त आहेत का' याला इथे अर्थ नाही. त्या वेगवेगळ्या पेशींची गर्दी आहे, की एकाच पेशीच्या लाखो कॉप्या, हे शोधायचं असतं. पुढच्या बहुतेक तपासण्या याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

बोटांनी किती कळतं?

थोडं कळतं. साधी गाठ बहुधा दाबल्यावर दुखते, बोटाखाली सरकते आणि जवळपास काहीतरी कारण सापडतं. किडलेली दाढ, घसा, डोक्यातल्या उवा किंवा कोंड्यामुळे झालेल्या जखमा, नवीन टॅटू, कानातलं नवं पिअर्सिंग, मांजराचा ओरखडा. फिटच्या आजारावर दिलं जाणारं फेनिटॉइन हे औषधही कधी कधी गाठी आणतं. (माझ्या मित्राच्या बाबतीत गुन्हेगार निघाली अर्धवट उगवलेली अक्कलदाढ.) लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, खोडरबरासारखी लागते आणि वाढत जाते.

पण हा नियम म्हणून पाठ करू नका. वेगाने वाढणारा लिम्फोमा दुखू शकतो, आणि साधी गाठ न दुखता छर्ऱ्याएवढी होऊन महिनोन्महिने तशीच राहू शकते. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य तर इथे अगदी उलटं पडतं.

भीती किती बाळगायची, याचा अंदाज देणारा एक जुना अभ्यास आहे. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांकडे कारण न समजलेल्या गाठी घेऊन आलेल्या लोकांचा हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर निघालेले साधारण १ टक्का होते. चाळिशीच्या पुढच्यांमध्ये ४ टक्के आणि चाळिशीच्या आतल्यांमध्ये फक्त ०.४ टक्के. तुम्ही विशीत असाल तर हा आकडा दिलासा देणारा आहे. मात्र तो युरोपातला आहे. आपल्याकडे टीबी हा तिसरा भिडू असतो, त्याच्याकडे पुढे येऊच.

शिवाय तरुण वयाची एक मेख आहे. हॉजकिन लिम्फोमा हा प्रकार विशी-तिशीतच जास्त दिसतो, आणि तोही मुळात बी पेशीपासूनच तयार होतो. त्यामुळे 'माझं वय काय, मला काय होणार' असं म्हणून सहा महिने काढणंही बरोबर नाही.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? गाठ चार आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, एक सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल (जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंत चालतं), किंवा वाढत असेल तर. हासळीच्या हाडाच्या वर, म्हणजे कॉलरबोनच्या खळग्यात गाठ लागली तर आकार न बघता आणि चार आठवडे न थांबता. त्या जागेची गाठ छाती-पोटातल्या आजाराची खबर असू शकते. यासोबत तीन लक्षणं विचारली जातात: ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा, कारण न सापडणारा ताप, रात्री कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम, आणि डाएट न करता सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सहा किलोंहून जास्त. मे महिन्यात लाइट गेल्यावर येणारा घाम यात धरत नाहीत! गाठीसोबत धाप लागत असेल किंवा चेहरा-मान सुजत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यातलं काहीच नसेल, तर डॉक्टर तीन-चार आठवडे थांबून परत बघूया म्हणतात. तो हलगर्जीपणा नव्हे, योग्य पद्धतच आहे. फक्त तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि खरंच परत जा. आणि हो, या काळात दिवसातून दहा वेळा गाठ चिवडू नका. दाबून दाबून ती आणखी दुखते, मग तुम्हीच घाबरता.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात. निदान होण्याआधी कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी काही काळ मरतात, गाठ बसते, सगळे खूश होतात. मग गाठ परत येते, आणि मधल्या काळात बायोप्सी केली असेल तर तिच्यात आजार ओळखूच येत नाही.

सोनोग्राफी: राजमा की गोटी

पहिली मशीन सहसा हीच. निरोगी किंवा रिॲक्टिव्ह ग्रंथी फुगली तरी राजम्यासारखी लांबट राहते, आणि तिच्या मधोमध चरबीचा पांढरा पट्टा दिसतो. त्याला हायलम म्हणतात, रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. लिम्फोमात ग्रंथी गोटीसारखी गोल होते, पांढरा पट्टा दिसेनासा होतो. रंगीत डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह मधून न येता कडेने येताना दिसू शकतो. रिपोर्टमध्ये 'फॅटी हायलम मेंटेन्ड' असं दिसलं तर तो चांगला शब्द आहे. तरीही सोनोग्राफी फक्त शंका कमी-जास्त करते, ती निकाल देत नाही.

सुई टोचून भागत का नाही?

आपल्याकडे पुढची पायरी जवळपास नेहमी एफएनएसी असते. बारीक सुईने थोड्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. स्वस्त, झटपट, टाके नाहीत. टीबी पकडायला ही फार उपयोगी आहे. जगातले साधारण पाव टीबी रुग्ण भारतात आहेत, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत मानेच्या गाठींचा नंबर वर लागतो. जुन्या लोकांची 'गंडमाळ' ती हीच. सुईतून आलेला नमुना सीबीनॅट मशीनमध्ये घातला की दोन-अडीच तासांत टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, आणि त्यावर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे कळू शकतं.

पण लिम्फोमाच्या बाबतीत सुई अपुरी पडते. असं समजा, तुमच्या ग्रुप फोटोचे सगळे पिक्सेल कोणीतरी सुटे करून पिशवीत भरले आणि त्यातले मूठभर तुम्हाला दिले. रंग कळतील, पण फोटोत कोण कुठे उभं होतं ते कळणार नाही. सुईतून पेशी मिळतात, पण ग्रंथीची रचना हरवते. फॉलिक्युलर लिम्फोमा नावाच्या प्रकारात एकेक पेशी अगदी सज्जन दिसते, बिघाड असतो तो त्यांच्या मांडणीत.

म्हणून एफएनएसीचा रिपोर्ट 'रिॲक्टिव्ह' आला आणि गाठ पुढच्या काही आठवड्यांत ओसरली, तर विषय संपला. पण रिपोर्ट 'रिॲक्टिव्ह' असूनही गाठ तशीच राहिली किंवा वाढली, तर त्या कागदावर विसंबून राहू नका. तिथे बायोप्सीबद्दल विचारायलाच हवं. दुसरी अडचण म्हणजे टीबीचा पुरावा न मिळता नुसत्या अंदाजाने टीबीची औषधं सुरू होतात. दोन-तीन महिने गेले, गाठी वाढतच आहेत, तर निदान परत तपासायची वेळ आली असं समजा. (औषधांनी टीबीच्या गाठीही सुरुवातीला थोड्या वाढू शकतात, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांचाच. स्वतःहून गोळ्या बंद करणं तर अजिबात नाही.)

लिम्फोमाची खरी शंका असेल तर शक्यतो अख्खी ग्रंथी काढतात, तीही सगळ्यात संशयास्पद दिसणारी. ती खोलवर असेल तर जाड सुईने, म्हणजे कोअर बायोप्सीने रचनेसकट तुकडा घेतात.

काचेवर काय दिसतं

ग्रंथीचा मेणात बसवलेला तुकडा, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे, आणि त्यावर जांभळा-गुलाबी रंग. या पहिल्या नजरेतच अनुभवी पॅथॉलॉजिस्टला बरंच कळतं. रिॲक्टिव्ह ग्रंथीत फॉलिकल लहान-मोठे असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते. प्रत्येकाभोवती लहान पेशींची किनार असते. आत एक बाजू गडद, एक फिकट, आणि मधेमधे मेलेल्या पेशी गिळून बसलेल्या मोठ्या पेशी. थोडक्यात, गावचा आठवडी बाजार: गोंधळ आहे, पण कोणती गल्ली कशाची ते ठरलेलं आहे.

फॉलिक्युलर लिम्फोमात फॉलिकल एकमेकांना खेटून, एकसारख्या आकाराचे आणि सगळीकडे पसरलेले. किनार पुसट, गडद-फिकट असा भेद नाही, गिळणाऱ्या पेशी क्वचित. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा जगात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. त्यात मोठ्या पेशींनी रचनाच पुसून टाकलेली असते.

फसायच्या जागाही आहेत. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे येणारा ताप, ज्याला ग्लँड्युलर फिव्हर म्हणतात, तो कॉलेजच्या वयातच जास्त त्रास देतो. त्यात ग्रंथीतल्या पेशी इतक्या मोठ्या आणि भडक दिसतात, की त्या लिम्फोमा वाटू शकतात. म्हणूनच पॅथॉलॉजिस्टला तुमचं वय, ताप, गाठ किती दिवसांची, हे माहीत असणं फार गरजेचं असतं. फॉर्मवर ही माहिती कोरी सोडलेली असेल तर ती भरून द्या. मला तर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय वाटतो.

सीडी २०, केआय-६७, बीसीएल-२: घाबरवणारे तीन शब्द

आता मित्राच्या रिपोर्टकडे वळूया. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, रिपोर्टमध्ये आयएचसी. लांबलचक वेब पेजवर एखादा शब्द शोधला की तो पिवळा हायलाइट होतो ना, अगदी तसंच. एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटीबॉडी तुकड्यावर टाकतात. ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग येतो. अशा एकाच लक्ष्यावर जाणाऱ्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवायची पद्धत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली आणि १९८४ मध्ये नोबेल मिळवलं.

म्हणजे 'पॉझिटिव्ह' याचा अर्थ इथे फक्त 'रंग चढला' एवढाच. कोविड टेस्टच्या पॉझिटिव्हशी त्याची गल्लत करू नका.

सीडी २० हे बी पेशीचं ओळखपत्र आहे. निरोगी बी पेशींवर असतं, लिम्फोमाच्या बहुतेक बी पेशींवरही असतं. 'सीडी २० पॉझिटिव्ह' म्हणजे 'इथे बी पेशी आहेत'. लसिका ग्रंथीत बी पेशी नसतील तर कुठे असतील?

केआय-६७ कोणत्या पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते दाखवतं. (नाव गमतीशीर आहे. 'केआय' जर्मनीतल्या कील शहरावरून, आणि ६७ हा प्रयोगाच्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर.) जर्मिनल सेंटर हा मुळातच धडाधड चालणारा कारखाना, त्यामुळे निरोगी प्रतिक्रियेतही तिथे केआय-६७ भरपूर असतं. उलट हळू वाढणाऱ्या फॉलिक्युलर लिम्फोमात ते बऱ्याचदा कमी असतं! फॉलिकलच्या आत जास्त केआय-६७ म्हणजे एका अर्थी बरी बातमी, पण रचना पुसून सगळीकडे जवळपास १०० टक्के असेल तर बर्किटसारख्या आक्रमक प्रकाराचा विचार होतो. आकडा तोच असला तरी जागा बदलली की अर्थ बदलतो.

बीसीएल-२ हे पेशीला मरू न देणारं प्रथिन. जर्मिनल सेंटरमधल्या निरोगी बी पेशी ते बंद ठेवतात, कारण तिथे निकामी पेशींनी मरणं हेच अपेक्षित असतं. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ आणि १८ या दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ चं बटण कायमचं चालू राहतं. त्यामुळे फॉलिकलच्या आतल्या बी पेशींत बीसीएल-२ दिसलं तर पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. पण किनारीच्या पेशींत आणि टी पेशींत ते एरवीही असतंच. शिवाय काही फॉलिक्युलर लिम्फोमांत ते दिसतही नाही. म्हणजे पुन्हा तेच, नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून काहीच ठरत नाही.

चॅटबॉटचं गणित नेमकं इथे चुकलं. त्याला शब्द दिसले, रंग कुठे चढलाय ते दिसलं नाही. मोबाइलने काढलेल्या गाठीच्या फोटोवरून किंवा रिपोर्टच्या दोन ओळींवरून 'साधी की कॅन्सर' सांगणारं कोणी भेटलं, मग ते ॲप असो की ओळखीतले काका, तर त्याला हाच प्रश्न विचारा: तुला पेशींची मांडणी कुठून कळली?

एकच सिम, एकच आयएमईआय

आता मुख्य प्रश्न. गर्दी की कॉप्या?

प्रत्येक बी पेशी स्वतःची अँटीबॉडी बनवते. त्या अँटीबॉडीच्या दोन भागांपैकी एकाला लाइट चेन म्हणतात. ती दोनच प्रकारची असते, कप्पा किंवा लॅम्डा. एक बी पेशी यातली एकच वापरते. म्हणजे सिंगल सिमचा फोन समजा, कंपन्या दोनच. निरोगी माणसात साधारण दोन कप्पामागे एक लॅम्डा असं प्रमाण पडतं. रिॲक्टिव्ह ग्रंथीत पेशी कितीही वाढल्या तरी ते प्रमाण मोठं बिघडत नाही, कारण सगळ्या कंपन्यांचे लोक गर्दीत आहेत. पण जवळपास सगळ्या पेशी कप्पाच निघाल्या, तर त्या एकाच पूर्वजाची पिल्लं असण्याची दाट शक्यता आहे. रिपोर्टमध्ये याला 'लाइट चेन रिस्ट्रिक्शन' म्हणतात. सीडी २० पेक्षा हा शब्द खरं तर जास्त वजनाचा आहे.

हे मोजायला फ्लो सायटोमेट्री वापरतात. पेशी द्रवात सुट्या करायच्या, त्यांना चमकणाऱ्या रंगांचे टॅग लावायचे, आणि लेझरसमोरून एकामागे एक धावायला लावायच्या. टोल नाक्यावर फास्टॅग स्कॅन होतो तसं, फक्त इथे सेकंदाला हजारो गाड्या.

याहून बारीक तपासणी म्हणजे पीसीआरने केलेली क्लोनॅलिटी टेस्ट. बी पेशी तयार होताना अँटीबॉडीच्या जनुकाचे तुकडे कापून-जोडून आपलं वेगळं जनुक बनवते. हा शोध सुसुमु तोनेगावा यांचा, त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. हे जोडलेलं जनुक म्हणजे त्या पेशीचा आयएमईआय नंबर. गर्दीत सगळे नंबर वेगळे, म्हणून ग्राफवर टेकडीसारखा पसरलेला आकार येतो. कॉप्या असतील तर एकच टोकदार सुळका.

सुळका आला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही बरं. नमुन्यात पेशी फार थोड्या असतील तर खोटा सुळका येतो. काही साध्या प्रतिक्रियांतही छोटा क्लोन सापडतो. १४-१८ ची अदलाबदल तर अगदी ठणठणीत लोकांच्या रक्तातही अत्यल्प प्रमाणात सापडलेली आहे. उलट बाजूने हॉजकिन लिम्फोमात कॅन्सरच्या पेशी गर्दीत इतक्या विरळ असतात, की नेहमीच्या फ्लो तपासणीत त्या निसटतात. त्या मायक्रोस्कोपनेच पकडाव्या लागतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट सगळे कागद एकत्र ठेवून मगच शेवटची ओळ लिहितो.

फॉर्मॅलिनच्या बाटलीआधी विचारायचा प्रश्न

वाचकांच्या हातात असलेली खरी गोष्ट ही आहे. काढलेली ग्रंथी सवयीने थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते. मायक्रोस्कोप आणि आयएचसीसाठी ते बरोबरच आहे. पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, टीबीचे जंतूही मरतात. मग त्या तुकड्यावर नेहमीची फ्लो सायटोमेट्री होत नाही आणि टीबीची कल्चरही होत नाही. एकदा बुडवलं की अनडू नाही.

त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना सरळ विचारा: "डॉक्टर, नमुन्याचा थोडा भाग फ्लोसाठी आणि टीबी कल्चरसाठी फॉर्मॅलिनशिवाय पाठवणार का?" यात आगाऊपणा काही नाही. प्रत्येक वेळी दोन्हीची गरज असतेच असं नाही, ते डॉक्टर सांगतील. पण नंतर आठवण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

रक्त तपासणी आणि पेट स्कॅन?

सीबीसी नॉर्मल आली म्हणजे लिम्फोमा नाही, असं होत नाही. अनेक रुग्णांची सीबीसी सुरुवातीला अगदी व्यवस्थित असते. एलडीएच वाढतं, पण ते दुसऱ्या डझनभर कारणांनीही वाढतं. एचआयव्हीची तपासणी मात्र डॉक्टर सुचवतात तेव्हा लाजून टाळू नका, गाठींचं ते एक कारण आहे.

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ देतात, जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. लढणारी रिॲक्टिव्ह ग्रंथीही चमकते, टीबीही चमकतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या कितीतरी लोकांच्या काखेतल्या ग्रंथी स्कॅनमध्ये चमकल्या होत्या. पेटचा खरा उपयोग लिम्फोमा नक्की झाल्यावर तो कुठे कुठे पसरलाय आणि औषधाने किती कमी झाला हे बघण्यासाठी, किंवा बायोप्सी कुठून घ्यायची ते ठरवण्यासाठी.

आणि लिम्फोमाच निघाला तर?

तर पहिली मागणी अशी की नुसतं 'लिम्फोमा' नको, पूर्ण नाव हवं. प्रकार डझनावारी आहेत. फॉलिक्युलर प्रकारात कधी कधी औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात, तर बर्किटमध्ये काही दिवसांत उपचार सुरू करावे लागतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा आक्रमक असूनही अनेक रुग्णांत पूर्ण बरा होणारा प्रकार आहे. ज्या सीडी २० ने मित्राची झोप उडवली, तेच इथे कामी येतं: १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं सीडी २० ला जाऊन चिकटतं. औषधांना दाद न देणाऱ्या काही बी-सेल कॅन्सरसाठी आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेली नेक्सकार-१९ ही कार-टी थेरपीही आहे. तिला भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरं म्हणजे, रिपोर्टची पीडीएफ फोनमध्ये असली तरी खरा पुरावा असतो मेणाचा ब्लॉक आणि काचा. लॅबकडून ते मागता येतात. लिम्फोमा वारंवार बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, तेच ब्लॉक पुन्हा तपासून घेता येतात. दुसऱ्या ऑपरेशनची गरज बहुधा पडत नाही. ब्लॉक नेताना पावती घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय का ते पाहा, आणि डबी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. मेण आहे ते, वितळतं.